कच्चं बेल, पिकलं बेल

वाटूरच्या उषाबाईकडं लोक आपापलं बेलफळ घेऊनच येतात. ज्याचा कोठा साफ होत न्हाई त्याला ती पिकल्या बेलाचं सरबत देते, गूळ घालून, गाळून. ज्याला हगवण लागली त्याला कच्चं. ते चुलीच्या आरात, निखाऱ्यांत भाजायचं, फोडायचं, गर पाण्यात कुस्करायचा. यात उलटापालट चालत न्हाई, हे ती बावीस वर्षं सगळ्यांना दटावून सांगत आली. पैसा घेत न्हाई, पण तोंड सोडते.

"काय गं बेबीनंदा, नवऱ्याला रोज भजे चारतीस आन सरबत माझ्याकडं मागतीस व्हय?"

अशी ही बाई यंदा चैतापासून गप झाली. तिलाच परसाकडला रगत पडू लागलं होतं.

आधी वाटलं, उष्णता. पिकलं बेल प्याली. पोट ढिलं झालं, मंग कच्चं भाजून प्याली. घट्ट झालं, मंग पुन्हा पिकलं. गावाला जे करू दिलं न्हाई तेच ती स्वतःच्या पोटात करून राह्यली होती. दर सकाळी संडासात जायाची. आतला बल्ब ती लावायची न्हाई. दिसलंच न्हाई तर नसंल, अशी मनाची समजूत घालायची. मंग उठायच्या आधी बल्ब लावायचीच.

डाक्टरकडं जायाचं तर फाट्यावर कुणी ना कुणी इचारणारच, "उषामाय, तुमचंच पोट?" त्या एका सवालापायी ती घरात बसून राह्यली.

एका सकाळी सून मीना उकिरड्यावर शेण टाकायला गेली, ती बेलाच्या दोन फुटक्या कवट्या घेऊनच आली. एक पिवळी, एक भाजून काळी पडलेली.

"आत्याबाई, आठवड्यात गावातलं कुणी आलं न्हाई. ही कोण प्यालं?"

"टाकून दे. हात धू आधी."

"एका माणसाला दोन्ही देत न्हाईत तुम्ही. मला त्याच्यावरूनच शिव्या घातल्या व्हत्या."

उषाबाई चुलीत लाकूड सारत बसली. चूल पेटलेलीच नव्हती.

"रगत पडतंय. थोडंसंच."

"कधीपासून?"

"झाले आठ दिवस."

मीनानं कवट्या तिथंच टाकल्या. "लुगडं बदला. मी ह्यांना गाडी काढायला लावते."

"आदिनाथला सांगू नको, काय झालं ते. माझा दात दुखतोय म्हण पोराला."

"म्हणते. उठा जल्दी."

मंठ्याची डाक्टरीण मीनाच्याच वयाची. तिनं पोट दाबून पाह्यलं, वजन केलं. काटा पाहून मीनाचा चेहरा उतरला.

"रक्त किती दिवसांपासून?"

"आठ दिवस," मीनाच बोलली.

डाक्टरीण लिहायला लागली. उषाबाई त्या पेनाकडं बघत राह्यली. खोटं कागदावर उतरत होतं, आन त्याच कागदावरून औषध ठरणार होतं.

"न्हाई बाई, खोडा ते," ती म्हणाली. "दीड महिना झाला. रोज पडतंय."

पेन थांबलं. मीनानं बोटांवर दिवस मोजले, तेच उषाबाईला जास्ती लागलं.

"जालन्याला कॅमेऱ्यानं आतून तपासावं लागेल. लांबवू नका."

"काय निघंल?"

"पाहिल्याशिवाय कसं सांगू? तोवर बेल बंद."

"कच्चं बी?"

"कच्चंही."

उषाबाईनं मान हलवली. चिठ्ठी मीनाच्या हातात जायच्या आधी तिनंच घेतली, आन घट्ट धरून सुनेला इचारलं, "उद्या किती वाजता निघायचं?"