उत्तरेच्या ओसरीवरचं ऊन

निशिगंधा इमारतींचे काचेचे दर्शनी भाग आखायची. आत उजेड किती घ्यायचा, डोळ्यांवर येणारी चकाकी कशी अडवायची, एसीची वीज कशी वाचवायची, यातच तिचा जीव रमे. लग्नाला गेली तरी नवरा-नवरी सोडून ही हॉलच्या खिडक्या बघत बसे आणि तिची आई प्रमिलाबाई कपाळाला हात लावत.

कुकटपल्लीत माहेरच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे, तिची सर्वांत देखणी इमारत उभी राहिली. मालकाच्या हौसेखातर दक्षिणेची काच परातीसारखी आत वळवलेली. हैदराबादेत जो तो भितो मे महिन्याला, म्हणून निशिगंधानं सगळी गणितं उन्हाळ्याचीच मांडली. इमारत आतून गार राहिली, वाहवा झाली. थंडीच्या तिरप्या उन्हाचा हिशेब मात्र कुणीच केला नाही.

बाळंतपण होऊन ती माहेरीच होती, नुकती कामावर जाऊ लागली होती. माहेरची ओसरी उत्तरेकडे तोंड केलेली. तिथं हिवाळ्यात ऊन असं कधी पडलंच नव्हतं. यंदा पडलं.

"तुझ्या बिल्डिंगीनं धूप पाठवली गे पोरीसाठी," प्रमिलाबाई म्हणाल्या. सकाळी तेल लावून न्हाऊ घातलं की रेणूला त्या तिथंच गोधडीवर निजवायच्या. निशिगंधाला ओळखायला हवं होतं. पण ती सुखावली.

मग कुंडीतल्या तुळशीची पानं एका बाजूनं करपली. ओसरीतला प्लास्टिकचा मग वाकला.

"गंगूनं उकळतं पाणी ओतलं असेल," प्रमिलाबाई कामवालीवर घसरल्या.

त्या दुपारी निशिगंधा इमारतीच्या वरच्या मजल्यावर उभी होती. तिनं सहज खाली पाहिलं. काचेनं गोळा केलेलं ऊन पांढऱ्याशुभ्र पट्ट्यासारखं त्यांच्या ओसरीवर पडलं होतं. रेणूची आंघोळ सकाळीच उरकली असेल, असं मनाला बजावत तिनं फोन लावला.

"आज पानीच उशिरा आलं की. आत्ता न्हाऊ घालून ठेवलंय तिला धुपेत, मी आत..."

पुढचं ऐकायला निशिगंधा थांबली नाही. जिने उतरली, गाड्यांमधून वाट काढत पळाली.

ओसरीवर गोधडी रिकामी होती. मधोमध तपकिरी डाग, त्यातून जळक्या कापडाचा वास.

"किंचाळून रडली म्हणून उचलली बघ," आतून प्रमिलाबाई म्हणाल्या. रेणू त्यांच्या मांडीवर हुंदके देत होती. गाल लाल, पण धडधाकट. निशिगंधानं तिला छातीशी धरलं आणि ढसाढसा रडली.

"हौ, इतकं काय परेशान व्हायचं? गेली की आता धूप."

निशिगंधानं वळून पाहिलं. ओसरी सावलीत होती. पट्टा सरकून शेजारच्या भामाच्या ओसरीवर गेला होता.

"तिलाही मीच सांगितलं," प्रमिलाबाई कौतुकानं म्हणाल्या, "आजपासून बाळाला धुपेत ठेव म्हणून."