नावेवरचं टिंब

वडशाच्या घाटावर वैनगंगेत वारलूचा डोंगा, म्हणजे लाकडी होडी, चाले. वीस वर्षांत त्यानं प्रवाशांना एकच नियम शिकवला होता, "गप बसा." त्याला पाटी लागत नव्हती. वारलूचा आवाज असा, की नदीपलीकडचं ढोरही मुकाट्यानं खाली बसावं.

पण एकोणीसशे सत्तावन्न साली घाट बघणाऱ्या साहेबांचा हुकूम आला. डोंग्यात संकटकाळची सूचना लावा. महिन्यानं येऊन पाहीन, प्रवाशांना ती समजली नसेल तर घाट दुसऱ्याला देईन. सोबत मजकूर होता: 'संकटसमयी नाव सोडू नये.' वारलूला अक्षरओळख नव्हती, आणि डोंग्याखेरीज दुसरं काही येतही नव्हतं. तो मनापासून घाबरला.

पाटी रंगवली जलालुद्दीन पेंटरनं. नाटकांचे फलक रंगवून त्याचा हात सढळ झालेला. 'नाव' त्याला बोडकं वाटलं, म्हणून डोक्यावर टपोरं टिंब दिलं. झालं, होडीचं 'नाव' जाऊन देवामाणसाचं 'नांव' झालं! आणि झाडीपट्टीत होडीला नाव म्हणतो कोण? सगळे डोंगाच म्हणतात. चार बुकं शिकलेल्या सुगंधाबाईनं पाटी वाचून सगळ्यांना अर्थ सांगितला, "संकट आलं तं देवाचं नांव सोडाचं नाई." सरकारनं पहिल्यांदाच काही शहाणपणाचं लिहिलं, असं लोकांचं मत पडलं.

महिन्यानं साहेब डोंग्यात बसले. ऐन मध्यावर डोंगा खडकाला घासला, कलला, पाणी आत आलं. साहेब उडी मारायला उठले. बाकीचे मात्र डोळे मिटून, डोंग्याची कड धरून बसलेले. कुणी महादेव म्हणतंय, कुणी अल्ला.

सुगंधाबाईनं साहेबांचा कोट ओढला. "काऊन उभे झाले साहेब? पाटी वाचली नाई का? बसा, नांव घ्या."

साहेब बसले. घाईत देव आठवेना, म्हणून त्यांनी कलेक्टरसाहेबांचं नांव घेतलं. कुणी हललं नाही, त्यामुळे डोंगा उलटला नाही आणि वारलूनं बांबू रेटून तो सोडवला.

काठावर उतरल्यावर साहेबांना ते टिंब दिसलं. "हे चुकीचं आहे," ते म्हणाले.

वारलूनं हात जोडले. "साहेब, मले दुसरं काई येत नाई."

साहेबांनी एकेक करून उतरणारी धडधाकट माणसं पाहिली, आपल्या ओल्या धोतराकडे पाहिलं, आणि वही उघडून शेरा लिहिला: 'प्रवाशांना सूचना पूर्णपणे समजलेली आहे. घाट वारलूकडेच ठेवावा.'