वरच्या पलंगाचं प्लास्टिक

ज्यांना जुनी मोटरहोम, म्हणजे आत राहता येईल अशी गाडी, घ्यायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ज्यांना नुसतं त्याबद्दल बोलायचं आहे त्यांनीही वाचावं. सोळा वर्षं मीही त्यांच्यातच होते.

इरा, माझी मुलगी, दहा वर्षांची असताना इथे आखातात, उम अल क्वैनच्या किनाऱ्यावर तिला अशी गाडी दिसली होती. ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग, पलंगाला बुटकी खिडकी आणि खिडकीत एक गोरी मुलगी पालथी पडून पुस्तक वाचत होती. "आई, कॅन आय गो अप? जस्ट वन्स?" त्या मुलीच्या आईने हाताने बोलावलंही होतं. मी म्हटलं, "नंतर. उद्या शाळा आहे." मी ऊद मेथातल्या शाळेत शिकवत होते. माझं हे उत्तर कायम तयार असे.

आता इरा मेलबर्नला असते. श्रीधर, माझा नवरा, जूनमध्ये निवृत्त होतो आणि त्याच्या नोकरीबरोबर आमचा व्हिसाही संपतो. अल नहदाच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये तीस वर्षं काढली, आता खलास. हातात एकच थंडी उरली आहे, आणि इथे उघड्यावर राहायचं तर थंडीतच. डिसेंबरात येते, असं इरा म्हणाली आणि मी जाहिराती बघायला घेतल्या. व्हिसाचं तिला सांगितलं नव्हतं. दडपणाखाली भेटायला येणारी माणसं मला आवडत नाहीत.

गाडी मिळाली रास अल खैमाला. शनिवारी सकाळी थ्री-इलेव्हन हायवेने निघालो, तासाभरात पोचलो. विकणारे हुसेनभाई मूळचे रत्नागिरीकडचे, टाइल्सचा धंदा. महिन्याभरात कायमचे गावी चालले होते. गाडी अमेरिकन, पंधरा वर्षांची, पण फारच कमी चाललेली. श्रीधर खूश. "नवीच आहे की गं!"

मला तिथेच शंका आली. उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर दिसतात कोरे, असतात वाळलेले. टायरच्या कडेला चार आकडे असतात, दोन आठवड्याचे, दोन वर्षाचे. ते गुडघे टेकून वाचा. मी वाचले. आठ वर्षांचे निघाले.

"हुसेनभाई, या टायरांवर पासिंग होणार नाही."

"ताई, तुम्ही मास्तरीण काय?"

"होते."

"तरीच! बरं, टायर माझ्याकडून. यल्ला, चला, आधी चहा."

टायरसकट पंचाहत्तर हजार दिरहमला ठरलं. श्रीधरने तिथल्या तिथे रुपये केले, अठरा लाख, आणि दुसरा चहा मागितला. घेणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी बघाव्यात. कपाटांत डोकं घालून वास घ्या, कुबट आला तर छत गळतं. आणि गाडी तुमच्या साध्या परवान्यावर चालते का, हे आधी विचारा. आम्ही तीन ठिकाणी विचारलं.

वरचा पलंग मी सगळ्यात शेवटी पाहिला. गादीवर अजून दुकानातलं प्लास्टिक होतं.

"नऊ वर्षं झाली," हुसेनभाईंच्या बायको, झुबेदाभाभी, खाली शिडीशी उभ्या होत्या. "पोरांसाठी नवीन गादी घातली. मळू नये म्हणून तसंच ठेवलं."

"मुलं येत नाहीत?"

"येतात ना. चार दिवस येतात, मॉल बघतात, जातात. मग आम्ही म्हणतो, पुढच्या वेळी गाडी घेऊन सलालाला जाऊ."

"मीही काढणार नाही," मी म्हटलं. "माझी मुलगी येते आहे, तीच काढेल."

भाभी हसल्या नाहीत. "काढा तुम्ही," एवढंच म्हणाल्या.

नवे टायर, पासिंग, मुल्किया, म्हणजे इथलं आरसी बुक, यात दोन आठवडे गेले. मुल्किया हातात आली त्या संध्याकाळी इराचा फोन आला. "आई, डिसेंबर इज नॉट हॅपनिंग. न्यू प्रोजेक्ट. नेक्स्ट विंटर, प्रॉमिस."

"बरं. नंतर," मी म्हटलं.

त्याच शनिवारी श्रीधरला सांगितलं, चल. पंपावर दोन करक चहा घेतले. कपाटांच्या कड्या लावायला विसरलो, त्यामुळे पहिल्याच वळणावर किलोभर पोहे पायाशी आले. कड्या लावा. उम अल क्वैनला मुद्दाम वळलो. तो किनारा मला सापडलाच नाही. जिथे असावा असं वाटलं तिथे पत्र्याचं कुंपण होतं, मागे क्रेन. श्रीधरने गाडी सरळ रास अल खैमाच्या पुढे नेली. तिथे समुद्राकडे तोंड करून, घट्ट जमिनीवर उभी केली. मऊ वाळूत ही गाडी घालू नका.

उरलेल्या पोह्यांचं जेवण झालं. दुपारी मी शिडीपाशी गेले. माझे गुडघे आता शिडीचे नाहीत, तरी चढले आणि प्लास्टिक फाडलं. नऊ वर्षांचं कडक प्लास्टिक, मोठ्याने फाटलं.

खालून श्रीधर म्हणाला, "अगं, ते इरासाठी ना?"

"इरा आली नाही. मी आले आहे."

चादर पसरली आणि खिडकीशी पालथी पडले. पडल्या पडल्या इराला फोन लावला. "जूनमध्ये आमचा व्हिसा संपतो. पुढची थंडी इथे नाही. तू ये किंवा येऊ नकोस, पण हे तुला माहीत असावं."

इरा म्हणाली, "व्हाय डिडन्ट यू जस्ट से सो?" आणि नंतर, "फेब्रुवारी बघते." बघते म्हणाली, येते नाही. त्या दोन्हींमधला फरक मला कळतो.

घरी आलो. गाडी यार्डात लावली, महिन्याला तीनशे दिरहम. पायऱ्यांवरची वाळू झाडली. फेब्रुवारीपर्यंत प्रत्येक शनिवारी जायचं ठरलं आहे, इरा आली तरी आणि नाही आली तरी. चादर मळली आहे. धुणार आहे.

परवा झुबेदाभाभींचा रत्नागिरीहून फोन आला. गाडी कशी आहे, टायर कसे आहेत, सगळं विचारून झालं. मग म्हणाल्या, "वरचं प्लास्टिक?"

"काढलं."

"ताई, तिथनं काय दिसतं हो?"

माझे फोन दोन मिनिटांत आटोपतात. हा अर्धा तास चालला.