खालच्या गल्लीतल्या शिट्ट्या

गावात लग्न असले की सकाळी नवाच्या सुमारास निंबाआबा सायकल हातात धरून गल्ल्यांतून चालत. सायकलवर बसत नसत. चपला वाजू नयेत म्हणून काढून पिशवीत ठेवत. प्रत्येक दारापुढे थोडा वेळ थांबत, मान डावीकडे कलती करत आणि पुढच्या दाराकडे निघत. परक्या माणसाला वाटले असते की हा चोरीसाठी घरे हेरतो आहे. मी गावचाच होतो, तरी मलाही त्यांचा संशय होता.

ते कुकरच्या शिट्ट्या ऐकत असत.

आमच्या ब्राह्मणपुरी गावात लग्नाचे आमंत्रण दोन प्रकारचे. एका पानाचे, म्हणजे घरटी एकाने जेवायला यायचे. दुसरे चूलबंद, म्हणजे घरातल्या सगळ्यांनी यायचे आणि त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही. चूलबंद सांगितलेल्या घरात कुकर वाजला, तर ते घर रुसले आहे किंवा त्याला सांगणे पोचलेले नाही. एका पानाच्या घरात सामसूम असली, तर सगळे कुटुंब येणार. आबा फेरी संपवून आचाऱ्याकडे येत आणि सांगत, "अजून तीस पान धर. वरली गल्ली भुकी बठेल शे." आकडा सहसा चुकत नसे. अन्न उरत नसे, कमीही पडत नसे. ज्यांच्याकडे मोजकाच पैसा होता त्यांना आबा हवे असत ते यासाठी.

"मानूस खोटं बोलस," ते म्हणत, "कुकर बोलत नही."

ते सोसायटीत शिपाई होते. निवृत्तीनंतर त्यांनी गावातली पुष्कळ लग्ने पार पाडली आणि नारळापलीकडे कोणाकडून काही घेतले नाही. मी नंदुरबारला वर्तमानपत्राच्या कचेरीत काम करतो. फुकट राबणाऱ्या माणसाचा फायदा कुठे आहे ते आधी शोधावे, असे मला शिकवलेले आहे. आबा दरवेळी एकच मंडपवाला आणि एकच आचारी सांगत. पहिली पंगत बसण्याआधी एक झाकणाचा डबा भरत, फडक्यात बांधत आणि घरी नेऊन ठेवत. डबा कोणासाठी, हे कोणी विचारत नसे. शहाद्याच्या दुसऱ्या एका मंडपवाल्याने मला हसून सांगितले होते, "आबाना हात वल्ला व्हस, तुमले दखात नही इतलंच." आबा दलाली खातात, असे तो सुचवत होता; त्याचा स्वार्थ मला दिसत होता. तरी वाक्य लक्षात राहिले.

माझी धाकटी बहीण मनीषा आरोग्य उपकेंद्रात परिचारिका आहे. आईवडील दोघेही गेलेले. लग्न स्वतःच्या शिलकीतून करायचे आणि त्यासाठी कोणापुढे हात पसरायचा नाही, हे तिने ठरवले होते. हॉल नको, बँड नको, घोडा नको. एकच गोष्ट हवी होती. आई गेली तेव्हा खालच्या गल्लीने तेरा दिवस आमच्या घरी ताटे आणून दिली होती. त्या गल्लीत बावीस घरे. तिच्या लग्नाच्या दिवशी त्या बावीस घरांत चूल पेटायला नको होती.

आबांनी तिला विचारले, "लोके काय याद ठेवतीन, असं तुले वाटस?"

"जेवण," ती म्हणाली.

"मंग पंधरा पदार्थ नको. एकबी याद ऱ्हावाव नही. दालबट्टी, वांगानी भाजी, शिरा. आनि तूप चांगलं."

घड उतरवलेल्या बागेतून त्यांनी केळीचे खांब मागून आणले आणि मंडपाला लावले. पाने पंगतीला ठेवली. तुपाचा प्रत्येक डबा उघडून थेंब तळहातावर चोळला, हुंगला, आणि वास टिकतो का ते पाहायला दुपारपर्यंत तो हात धुतला नाही. दुकानदार त्यांचा चुलतभाऊ होता, तो चिडला. आबा शांतपणे म्हणाले, "सगा भाऊ ऱ्हायता तरी उघाडीसन दखतू." इतका संशयी माणूस मंडपवाल्यावर मात्र कसा विश्वास ठेवतो, हा प्रश्न मी मनात नोंदवून ठेवला.

लग्नाच्या आदल्या दिवशी ते खालच्या गल्लीत सांगायला निघाले, तेव्हा मी त्यांना अडवले. घरोघरी त्यांचे काय बोलणे होते, कोणाकडून काय ठरते, हे मला ठाऊक नव्हते. माझ्या बहिणीच्या नावावर ते व्हायला नको होते.

"आबा, खालची गल्ली मी पाहतो."

त्यांनी सायकल भिंतीला टेकवली.

"तुन्हा डोयामा मी चोर शे, भाऊ," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "ऱ्हाऊ दे. पन उंबरठावर जाय."

मी गेलो नाही. कामे पुष्कळ होती. पत्रिकेचा फोटो आणि त्याखाली 'चूलबंद आमंत्रण, सर्वांनी यावे' असे लिहून मी बावीस घरांना मोबाईलवर पाठवले. संध्याकाळपर्यंत सगळीकडे निळ्या खुणा आल्या. अकरा जणांनी हात जोडल्याचे चित्र पाठवले. बातमी वाचली गेली की पोचली, अशी माझी समजूत. मनीषाला सांगितले, गल्ली झाली.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला आबा मंडपात आले. चपला पिशवीत होत्या.

"खालनी गल्लीमा एकोनीस कुकर वाजी ऱ्हायनात."

"मी सगळ्यांना कळवलंय."

"कोनता उंबरठावर उभा ऱ्हायना?"

मी मोबाईल पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला नाही. मनीषा तिथेच पाटावर बसली होती, हात हळदीने पिवळे. तिने एवढेच विचारले, "दादा, तू विमलकाकूकडे बी गया नही?"

मुहूर्ताला तीन तास होते. आबांनी पिशवीतून चपला काढून पायात घातल्या आणि चालू लागले. मी मागे गेलो. या खेपेला चपला मुद्दाम वाजत होत्या.

विमलकाकू आमच्या आईची मैत्रीण. तेरा दिवसांतली पहिली भाकरी तिच्या घरची होती. ती दारात उभी राहिली, आत या म्हणाली नाही. मागे कुकर फुसफुसत होता.

"या. आमना एक जन येई मांडवमा," ती म्हणाली.

आबांनी टोपी काढली. "विमल, मन्ही चूक व्हयनी. काल सांगाले येनं व्हतं. भुली गऊ. तुले चूलबंद शे."

"आबा, तुम्ही भुलनात?"

"वय व्हयनं, माय."

मी त्यांच्या शेजारी उभा होतो. तिने माझ्याकडे पाहिले. माझ्या खिशात मोबाईल होता. मी बोललो नाही.

ती आत गेली. गॅसची कळ फिरल्याचा आवाज आला. "वरण सांजले व्हई," आतून म्हणाली. "चाला, येतस आम्ही."

'मन्ही चूक व्हयनी, भुली गऊ' हे आबांनी एकोणीस दारांत म्हटले. शब्द बदलले नाहीत. एका दारात टोमणा बसला, "पेपरवालाना घरनं लगीन, आनि आमलेच बातमी उशिरा." तो माझ्यासाठी होता, पण आबांनी मान डोलावून तोही स्वतःकडे घेतला. ज्या तीन घरांत कुकर वाजला नव्हता तिथेही ते गेले. दोन घरांना कुलूप होते, लोक शेतात होते. आबा शेतात गेले.

खालची गल्ली आली. लग्न लागल्यावर त्यांच्या पंगतीत मनीषाने आणि नवऱ्याने स्वतः तूप वाढले. लोक अजूनही त्या तुपाची गोष्ट काढतात. बट्ट्या पुरल्या.

त्या संध्याकाळी मी आबांच्या घरी गेलो. आभार मानायला गेलो असे म्हणता येईल, पण मला डबा पाहायचा होता. तो फळीवर होता, खाली पाण्याची थाळी, मुंग्या चढू नयेत म्हणून. माझी नजर त्यांनी ओळखली.

"उद्या सांजलोंग ठेवसू," ते म्हणाले. "कोनना पोटमा दुखनं, तं दखाले तरी व्हई, दोष अन्नमा व्हता का मानूसमा."

मंडपवाल्याशी त्यांचे काय होते, ते मला कधी कळले नाही. पुरावा मिळाला नाही, एवढेच लिहितो.

त्यानंतर गावात बोलले जाऊ लागले की निंबाआबा आता विसरतात, एक सबंध गल्लीच विसरले. पुढच्या हंगामात त्यांना कमी बोलावणी आली, त्याच्या पुढच्या हंगामात त्याहून कमी. शहाद्याहून कंत्राट घेणारे येऊ लागले. आबांनी माझ्यापाशी तो विषय कधी काढला नाही. आमच्या पानावर चूक झाली की दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापण्याचे काम माझ्याकडे आहे. ही दुरुस्ती मी केली नाही.

यंदा लग्नसराईच्या तोंडाशी, एका सकाळी आबा गेले. मी पोचलो तेव्हा नऊ वाजले होते. अंत्ययात्रा निघेपर्यंत शेजारपाजारी चूल पेटवत नाहीत, एवढी रीत आहे. खालची गल्ली त्यांच्या घरापासून बरीच लांब. तरी मी तिकडे गेलो आणि प्रत्येक दारापुढे थांबलो. बावीस घरांत एकही शिट्टी नव्हती.

विमलकाकू ओट्यावर बसली होती.

"एकदावच चुकना बिचारा," ती म्हणाली. "तुन्ही बहीनना लगीनमा."

"काकू, ते चुकले नव्हते. मीच त्यांना येऊ दिलं नव्हतं."

"ठाऊक शे. तुन्हा मेसेज उनथा ना आमले."

"मग त्या दिवशी दारात बोलल्या का नाहीत?"

तिने पदर डोक्यावर सारखा केला.

"मी तुन्हा तोंडकडे दखत व्हतू," ती म्हणाली. "वाटनं, तू बोलशी."