आनंदाच्या नावाचं रक्त

कोंडाजी हेंद्रेपाड्याचा. भातशेतीत राबलेला गडी, अंगात रेड्याचं बळ. पण सुई दिसली की मिशांसकट रडकुंडीला येणारा. अशा माणसाने अठ्ठ्याऐंशी साली सलग पाच महिने उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या लॅबमध्ये जाऊन मुकाट दंड पुढे केला, तोही धाकट्या भावाच्या, आनंदाच्या नावाने.

आनंदा अंबरनाथला कीटकनाशकाच्या कारखान्यात ठेकेदाराकडे होता. तिथल्या कामगारांचं दर महिन्याला रक्त तपासत. मेंदूचा निरोप नसांतून स्नायूला पोचला की तो पुसून टाकणारं एक एन्झाइम अंगात असतं, फळ्यावरच्या डस्टरसारखं. कीटकनाशक अंगात भिनलं की ते निकामी होतं आणि निरोप नुसते साचत जातात. एन्झाइम घटलेल्या माणसाला घरी बसवत. आनंदाचं घटू लागलं होतं, आणि दिवाळीला तर त्याला पर्मनंट करणार होते.

"माजं रगत देतो," कोंडाजी म्हणाला. "येकाच आयच्या पोटचं. सुईला काय कलतंय?"

पाण्यात काठी मारून पाणी तुटत नाही, एवढंच त्याचं वैद्यकशास्त्र. लॅबवाल्याने कधी मान वर करून तोंड पाहिलं नाही. दर वेळी रिपोर्ट उत्तम यायचा आणि दोघे भाऊ त्यावर पोट धरून हसायचे.

आश्विनातल्या एका सोमवारी कोंडाजी पाचव्यांदा रक्त देऊन आला. मंगळवारी दुपारी आनंदाला कामावरून उचलून दवाखान्यात आणलं. घामाने निथळत होता, तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. डॉक्टरीणबाईंना विषाचा संशय आला. पण ठेकेदाराच्या माणसाने चार रिपोर्ट पुढे केले. चारही उत्तम. बाई घुटमळल्या आणि त्यांनी दम्याचं इंजेक्शन दिलं.

खरं काय ते खाटेपाशी उभ्या असलेल्या एकट्या कोंडाजीला ठाऊक होतं. बोलावं तर भावाची नोकरी जाते. मागेही असंच झालं होतं, उतरलं होतं. आताही उतरेल, असं त्या भोळ्या सांबाला वाटलं. त्याचा राग करावा की कीव, तेच कळत नाही.

बुधवारी सकाळी आनंदाला मान उचलेना. तेव्हा कोंडाजी बाईंच्या पायांवर पडला.

"बाय, त्ये रगत माजं व्हतं."

बाईंनी कपाळाला हात लावला. विषाच्या पकडीतून एन्झाइम सोडवणारं औषध होतं. ते मुंबईहून मागवलंही, पण ते वेळेत द्यावं लागतं. उशीर झाला की पकड सुटत नाही.

"मंग माज्या अंगातलं काढा! माजं उत्तम हाय, तुमच्या कागदावरच हाय!"

"त्यावर संशोधन चाललंय, दादा," बाई हळूच म्हणाल्या. "निरोगी माणसाच्या रक्तातून ते वेगळं काढून आजाऱ्याला द्यायचं. पुढेमागे जमेलही. आज ते औषध नाही."

कोंडाजी बाही वर सारून तसाच बसून राहिला. कोणी सुई आणली नाही. संध्याकाळी आनंदा गेला.

शनिवारी ठेकेदाराचा माणूस दारात पाकीट देऊन गेला. आनंदाच्या बायकोने, विठाने, ते फोडलं आणि अक्षरं जुळवत वाचलं. आनंदाचं नाव, सोमवारची तारीख. एन्झाइम उत्तम. कामावर येण्यास हरकत नाही.

तिने तो कागद मोठ्या दिरापुढे धरला.

"दादा, ह्येचं आता काय करू?"