कोळंबीचा कौल

बारावीनंतर मुलीला मत्स्यविज्ञानाला जायचं होतं. पुढे कोळंबीचं बीज तयार करणारी हॅचरी काढायची, हे तिचं पक्कं. आम्ही मांडवीत, समुद्राकाठी राहणारी माणसं, आमच्या घरात यावर वाद व्हायला नको होता. पण सासरे म्हणाले, "मासे खायला असतात. पदवी कॉम्प्युटरची घ्यावी."

प्रवेश दोन्हीकडे मिळत होता. मासळीच्या कॉलेजातली जागा मात्र संध्याकाळी पाचच्या आत मोबाईलवरून नक्की करायची होती, नाहीतर गेली. सासऱ्यांनी नेमका त्याच दिवशी कौल लावायचा काढला. राजापूरकडच्या आमच्या गावी, ग्रामदेवतेच्या देवळात.

आमच्याकडे गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "नातीनं कॉम्प्युटर शिकावा काय, महाराजा?"

आणि एकही पाकळी पडेना. सासरे डोळे मिटून बसले. साडेचार वाजले.

"अहो, पंखा लावू का?" मी गुरवाला विचारलं.

"देवाला घाई करू नये, वैनीनू," गुरव म्हणाला.

देवाला नव्हती, मला होती. देवळात रेंज नव्हती. मी मुलीच्या कानात म्हटलं, "वर सड्यावर जा. उघड्या कातळावर रेंज येते. नक्की करून ये."

ती धापा टाकत परत आली, झालं म्हणून मान हलवली, आणि तेवढ्यात पाकळी पडली. उजवी.

"दिलान कौल! कॉम्प्युटर!" सासऱ्यांनी डोळे उघडून नातीकडे पाहिलं. "कर आता ते नक्की."

"आजोबा, मी मत्स्यविज्ञान नक्की केलं," ती म्हणाली.

सासरे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "अण्णा, त्या कॉलेजात पहिल्याच वर्षी कॉम्प्युटर शिकवतात. देव म्हणाला शिकावा, ती शिकेल. देवाने मासे नको असं कुठे म्हटलं?"

गुरव तोंड फिरवून हसला.

"सूनबाई, तू वकिलीला जायला हवी होतीस," सासरे म्हणाले.

"मला कुणी विचारलं होतं? कॉलेज घरासमोर होतं आणि बी.ए.ला जागा होती, म्हणून मी बी.ए."

गुरवाने नारळ हातात घेतला. "आता यशाचं गाऱ्हाणं घालतो. इषय काय सांगू देवाला?"

सासऱ्यांनी नातीकडे पाहिलं. पोरगी श्वास रोखून उभी.

"मासळी सांग," ते म्हणाले. "आणि कॉम्प्युटरही सांग, हळू आवाजात."