पंपाने गिळलेला रोबोट

साताऱ्याहून निघालो तेव्हा जीपच्या पुढच्या सीटवर रोबोट होता आणि मागे बॅटऱ्यांच्या खोक्यांत मी. पट्टाही त्यालाच बांधलेला. माझा भाचा अमेय एमआयडीसीत पाण्याखाली आपल्या अकलेने फिरणारी यंत्रं बनवतो. मामापेक्षा यंत्र नाजूक, असं त्याचं मत.

उंब्रजला भजी खाताना त्याने मला शिकवलं. पाण्यात रेडिओलहरी चालत नाहीत, त्यामुळे काठावरून हुकूम सोडता येत नाहीत. कुठं जायचं ते आधीच यंत्राच्या डोक्यात भरायचं. मग ते आवाज सोडतं, प्रतिध्वनीवरून अंतर ओळखतं, फोटो काढून परत येतं. धरणाच्या भिंती तपासतं, जहाजांचे तळही. "माणसाला उतरावंच लागत नाही," अमेय म्हणाला. भज्यांचं बिल माणसानेच दिलं.

कुंडलच्या पुढे, कृष्णाकाठच्या एका गावात लोक आमची वाट बघत होते. उसाला पाणी चढवणाऱ्या पंपाचा नदीतला पाइप तुंबला होता. दरवर्षी गावातला सलीम बुडी मारून हाताने गाळ काढायचा. गेल्या वर्षी तो वर आला तो धापा टाकतच. यंदा त्याची बायको शमीम अडून बसली. "आदी मशीन आत बघून येऊ दे. लागलंच तर मग ह्यास्नी धाडा."

पण आधी सत्कार. पाणीसंस्थेचे चेअरमन, निवृत्त सुभेदार, यांनी यंत्राला कुंकू लावलं, नारळ फोडला, दोन भाषणं केली. मग खर्डा (मिरचीचा ठेचा) आणि भाकरी. खर्ड्याने माझे डोळे वाहायला लागले; लोकांना वाटलं, भाषण भिडलं.

"पंप बंद आहे ना?" अमेयने विचारलं.

"लाईटच न्हाई की! सांजच्याला येती," सुभेदार म्हणाले. सगळे हसले. यंत्र बुडालं.

आता या भागातली एक गोष्ट सांगायला हवी. लाईट कधी येईल याचा भरवसा नाही आणि बटणापर्यंत चालत जायचा कंटाळा, म्हणून इथे पंपापंपाला ऑटो बसवलेला असतो (लाईट आली की मोटर आपोआप चालू करणारी पेटी). आमच्या यंत्राइतकीच तीही स्वयंचलित. ती बंद करायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

लाईट भरदुपारी आली.

मोटर गरजली, पाणी घुसळलं आणि मग खरखरत बंद पडली. पाइपाच्या तोंडची जाळी कधीच गेली होती; यंत्र अर्धं आत ओढलं गेलं होतं.

"आवं सुभेदार," शमीम म्हणाली, "आत ह्यांचा हात असता तर?"

सुभेदारांनी टोपी काढून डोकं खाजवलं. अमेय फोनवर साहेबांना सांगत होता, यंत्र लय महागाचं आहे, काहीही करून काढायला हवं. साताऱ्याचा पोरगा घाबरला की 'लय' म्हणतो.

काहीही करून म्हणजे सलीमने. त्याने शर्ट काढला. शमीम तडक पंपाच्या खोलीत गेली आणि पेटीच्या वायरी उपटल्या.

"अगं, मग मोटर चालू कोन करनार?" सुभेदार म्हणाले.

"तुमी या की चालत!"

सलीम वर येईपर्यंत ती दार अडवून बसली होती, कुणालाही आत जाऊ न देता. तो आला, यंत्र काखेत, कोपर सोललेलं. तिने यंत्राकडे पाहिलंसुद्धा नाही.

परतीच्या वाटेवर अमेयने ऑफिसला कळवलं, 'चाचणी यशस्वी.' मला लाज वाटली. माणसाला उतरावं लागू नये म्हणून आम्ही यंत्र नेलं होतं, आणि यंत्र काढायला माणूस उतरवून आलो होतो.